घरी केलेली

गेल्या दिवाळीच्या सुमाराला एका फ्लॅटात कविता वाचायला गेलो होतो. चौदावा मजला. लिफ्टला आरसा. बोलावणारी माणसं भली होती. "तुमच्यातलं कुणीतरी हवंच होतं" म्हणाली. मी गोदीतल्या पोत्यांची कविता वाचली. दोघातिघांनी डोळे टिपले. मग यजमानबाईंनी कपाटातनं काचेची बरणी काढली. आत जांभळाचा काळपट रस. इवल्या प्याल्यांत ओतत म्हणाल्या, "घ्या ना, घरी केलीय."

मी प्याला खाली ठेवला. मी पीत नाही, हे एक कारण. दुसरं कारण असं, की हेच दोन शब्द माझ्या आज्जीनं एकदा हवालदाराला सांगितले होते. "सायेब, पोरांच्या पोटापायी घरी केलीय." तिला दोन रात्री कोठडीत काढाव्या लागल्या.

बाईंनी हौसेनं कृती सांगितली. पिकली जांभळं धुऊन कोरडी करायची, बरणीत भरायची. फळं बुडेपर्यंत दुकानातली व्होडका ओतायची. झाकण घट्ट लावून अंधाऱ्या कपाटात सहा आठवडे ठेवायची, अधनंमधनं हलवायची. मग मलमलीतनं गाळून साखरेचा पाक घालायचा नि आणखी महिनाभर मुरू द्यायची. चढते ती व्होडका. जांभूळ देतं ते रंग, वास नि तुरटपणा. करवंदाचीही करतात, संत्र्याच्या सालीचीही करतात. सगळे 'वा वा' म्हणाले. एक गृहस्थ तर म्हणाले, ही कला आहे.

आता माझ्या आज्जीची कला ऐका.

आज्जी १९७२ च्या दुष्काळात जालन्याकडनं मुंबईला आली. त्याच साली या शहरात पँथर जन्माला आली, पण आज्जीला त्याचा पत्ता नव्हता. ती फूटपाथवर अंग टाकायला जागा शोधत होती. आजोबा गिरणीत बदलीवर लागला. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. तो रीतसर मागे घेतलाच गेला नाही, पण आमची चूल मात्र रीतसर विझली. तेव्हा आज्जीनं खाडीच्या काठाला दुसरी चूल पेटवली. काळा गूळ, नवसागर, बाजारात फेकून दिलेली सडकी केळी नि मोसंबी. पिंपात पाणी घालून हे सगळं आंबवायचं. पोलिसांच्या पंचनाम्यात याला 'रसायन' म्हणतात. मग खाली जाळ, वर गार पाण्याचं पातेलं, बाजूनं नळी. धार पडली की काडी लावून बघायची. टायरच्या ट्यूबेत भरायची, ट्यूब लुगड्याखाली कमरेला बांधायची नि पोटुशी बाई चालते तसं चालत रस्ता ओलांडायचा.

बाईंच्या बरणीतही फळ, आज्जीच्या पिंपातही फळ. एक कला नि एक गुन्हा, हे कुणी ठरवलं?

कायद्यानं, म्हणाल. बरं, कायदाच बघू. गाळणं वेगळं नि मुरवणं वेगळं, हे मलाही कळतं. पण १९४९ चा आपला दारूबंदी कायदा 'तयार करणे' या शब्दात दारूला स्वाद देणं, रंग देणं, मिसळणं हेही धरतो. म्हणजे परवान्यावाचून भरलेली जांभळाची बरणीसुद्धा त्याच व्याख्येत बसते. चौदाव्या मजल्यावर कधी पंचनामा झालेला ऐकलाय कुणी? कायदा लिफ्टनं वर जात नाही. त्याला खाडीचा चिखल तुडवायची सवय आहे.

ही सवय जुनी आहे. इंग्रजानं १८७८ ला अबकारी कायदा केला, १८९२ ला तर खास मोहाच्या फुलांवरच कायदा आणला. झाडाखाली पडलेलं फूल आदिवासीनं वेचलं तर त्यावरही सरकारचा डोळा. घरची भट्टी बंद, मक्तेदाराचं दुकान चालू. नीतीच्या नावानं महसूल. साहेब गेला, बुकं तीच राहिली. आजही या राज्यात प्यायला परवाना लागतो नि त्यावर कारण छापलेलं असतं — आरोग्य राखण्यासाठी! आणि २०२२ साली मंत्रिमंडळानं ठरवलं, की मोहाच्या फुलांची नि काजूबोंडांची दारू 'विदेशी मद्य' म्हणून गणायची. च्यायला, मोह विदेशी झाला! ज्यांच्या आज्या-पणज्यांनी त्यापायी मार खाल्ला, ते देशीच राहिले. तिकडं गोव्याच्या काजूफेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं. शेणातलं फूल बाटलीत गेलं, बाटलीला लेबल लागलं, की त्याचा 'वारसा' होतो.

"पण हातभट्टीनं माणसं मरतात!" मरतात. विक्रोळीत २००४ च्या डिसेंबरात ऐंशीहून अधिक मेली, मालवणीत २०१५ च्या जूनमध्ये शंभरावर मेली. पण एका रात्रीत अशी रांगेनं प्रेतं पडतात ती सडक्या केळ्यानं नाही, मेथेनॉलनं. फळ आंबवताना त्याचा अंश निघतो, पण एवढी माणसं मारायला कारखान्याचं मेथेनॉल लागतं. पोटात गेलं की त्याचं फॉर्मिक आम्ल होतं, आधी डोळे जातात, मग माणूस. काडी लावून ते ओळखूही येत नाही. तेही निळंच जळतं. मी गोदीत काम करतो. देशाला लागणारं बहुतेक मेथेनॉल जहाजानं येतं, हिशेबानं, कागदोपत्री. रंग, राळ नि औषधं करायला ते कारखान्यात जातं. ते वस्तीतल्या फुग्यात येतं, तेव्हा वाटेत किती हात ओले झालेले असतात? त्या हातांना कोठडी कधी? आधी सापडते ती फुगे विकणारी बाई.

आता थोडं आपल्याबद्दल. इथं टाळ्या नकोत.

मी भट्टीची आरती ओवाळत नाहीये. आज्जीचं पहिलं गिऱ्हाईक आजोबाच होता. गिरणी गेलेला माणूस बायकोच्याच भट्टीवर पिऊन मेला. शेजारच्या बाया आज्जीला शिव्याशाप द्यायच्या, नि ती खाली मान घालून ऐकायची. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्यात दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. आज्जी मरेपर्यंत दीक्षाभूमीला गेली नाही. "कोणत्या तोंडानं जाऊ?" म्हणायची. तिनं एक थेंब कधी चाखला नव्हता. आणि परमिट रूममध्ये बसून क्रांतीची चिरफाड करणारे आमचे कवी दरसाल जाऊन येतात, फोटो काढून येतात. दोस्तांनो, दारू पिणं म्हणजे विद्रोह, हे आपल्याला कुणी शिकवलं? सरकारला महसूल देऊन कुठं विद्रोह होतो काय?

म्हणून मी दारूचा हक्क मागत नाही. बाईंच्या बरणीवर धाड घाला असंही म्हणत नाही. मी एकच माप मागतो. चौदाव्या मजल्याला जे माप, तेच खाडीला. आणि हिशेब मागतो, गिरणी बंद पडल्यावर बाईला भट्टीखेरीज दुसरा कुठला धंदा या शहरानं शिल्लक ठेवला होता त्याचा.

त्या संध्याकाळी मी काहीच बोललो नाही. गाडीभाड्याचं पाकीट घेतलं नि खाली उतरलो. ती माझी लाचारी, ती मी इथं कबूल करतो. तुम्ही ती करू नका. उद्या कुणी हसत प्याला पुढं करील नि म्हणेल, "घरी केलीय." तर प्याला खाली ठेवा आणि तोंडावर विचारा : कुणाच्या घरी?