पक्षी पाहावयास येणारा पाहुणा आणि गावचा शेतकरी

नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यात, गोदावरी व कादवा यांच्या संगमाजवळ, नांदूर मध्यमेश्वर येथे विसाव्या शतकाच्या प्रारंभी बंधारा बांधण्यात आला, तो केवळ शेतीच्या पाण्यासाठी. त्यातून निघालेल्या डाव्या व उजव्या कालव्यांनी खालच्या कोरडवाहू मुलखाचे रूप पालटले. बंधाऱ्याच्या पाठीमागे मात्र वर्षानुवर्षे गाळ साचत गेला. पाणी उथळ झाले, बेटे वर आली, पाणवनस्पती वाढल्या आणि बांधणाऱ्यांच्या ध्यानीमनी नसलेले एक पक्षितीर्थ तेथे निर्माण झाले. १९८६ साली हा परिसर अभयारण्य म्हणून घोषित झाला. येथील १,४३७ हेक्टर पाणथळ क्षेत्राचा रामसर यादीत समावेश झाल्याचे जानेवारी २०२० मध्ये जाहीर झाले. हा मान मिळविणारे महाराष्ट्रातील हे पहिलेच स्थळ होय.

हिवाळ्यात, म्हणजे ऐन रब्बीच्या हंगामात, येथे तलवार बदके, थापट्या, चक्रवाक व क्रौंच हे दूरदेशीचे पाहुणे उतरतात. चित्रबलाक, जांभळी पाणकोंबडी, शेकाट्या हे तर नित्याचेच. ते पाहण्यासाठी शहरांतून माणसे येतात. चापडगाव येथे निरीक्षण मनोरे आहेत, आणि स्थानिक तरुण दुर्बीण घेऊन वाट दाखविण्याचे काम करतात. तथापि पुष्कळ गावकऱ्यांच्या मनात अजूनही असा समज आहे की, ही मोकळ्या हवेतील करमणूक शहरवासीयांची आहे आणि तिचा भार तेवढा शेतकऱ्यावर आहे. हा समज दूर होणे अगत्याचे आहे. परंतु तो नुसत्या उपदेशाने दूर होणार नाही.

शेतकऱ्याच्या तक्रारीत तथ्य आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. क्रौंच हरभऱ्याच्या व गव्हाच्या शेतात उतरतात. पाहुण्याची मोटार अरुंद शिवाररस्त्यावर उभी राहिली म्हणजे कांद्याची गाडी अडते. सकाळी आलेला पाहुणा शिदोरी घरूनच आणतो आणि जाताना कागद व बाटल्या बांधावर टाकून जातो. अशा व्यवहारात गावाच्या पदरी धुळीखेरीज काय पडणार? ज्या वस्तूपासून काडीचाही लाभ नाही, तिचे रक्षण कोणी मनापासून करील ही अपेक्षाच व्यर्थ आहे.

म्हणून या करमणुकीकडे गावाने जोडधंदा म्हणून पाहावे, हेच हिताचे आहे. दुभती जनावरे वा कोंबड्या पाळताना जी शिस्त व चिकाटी लागते, तीच येथे लागते. बाजरीची भाकरी, पिठले, ताजी भाजी असे साधे जेवण, रात्रीच्या मुक्कामाची स्वच्छ खोली, बागेतील द्राक्षांची व मनुकांची थेट विक्री या गोष्टींना मोठे भांडवल लागत नाही. २०२० साली राज्याने कृषी पर्यटन धोरणही स्वीकारले आहे. महिला बचत गटाने न्याहरीचे व भोजनाचे काम हाती घेतल्यास पैसा गावातच राहील. वाटाड्या सोबत असावा, हा नियम पाहुण्याच्याही हिताचा आहे. कारण या तालुक्यात उसाच्या आश्रयाने बिबट्या राहतो, आणि अनोळखी माणसाने पहाटे उसाच्या कडेने एकट्याने फिरणे धोक्याचे आहे.

परंतु हा जोडधंदा पाण्यावर उभा आहे, आणि पाण्याचे आरोग्य शेतकऱ्याच्या हाती आहे. शहरांचे सांडपाणी गोदावरीला दूषित करते हे खरे. त्याविरुद्ध गावाने आवाज उठवलाच पाहिजे. तथापि पिकाला लागू न पडलेले नत्र व स्फुरद पावसाबरोबर त्याच पाण्यात उतरते व पाणवेलीला खतपाणी घालते, हेही तितकेच खरे. पाणवेल माजली की उथळ पाणी झाकले जाते, मासे गुदमरतात व पक्षी पाठ फिरवितात. यास्तव माती परीक्षणानुसार व विभागून खत द्यावे, काठालगत गवताचा पट्टा राखावा, आणि फवारणीचा पंप वा औषधाच्या बाटल्या नदीत कदापि धुऊ नयेत. यात पक्ष्यांवर उपकार नाहीत. वाहून जाणारे खत हे शेतकऱ्याच्याच खिशातून गेलेले असते. शिवाय नांगरामागे किडे टिपणारा गायबगळा व शिवारातील उंदीर मारणारे भोवत्या आणि घुबड हे बिनपगारी राखणदारच होत.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी या कामी पुढाकार घ्यावा. मोटारी कोठे उभ्या कराव्यात, वाटाड्यांची पाळी कशी असावी, कचरा कोणी उचलावा, हे ग्रामसभेत ठरवावे. पाहुण्यांकडून गावात येणाऱ्या पैशाचा हिशेबही तेथेच वाचून दाखवावा. पिकाचे नुकसान झाल्यास तत्काळ पाहणी करवून घेऊन शासनाच्या नियमांत बसेल ती मदत मिळवून द्यावी. वनखात्याने नियम सांगावेत आणि गावाने ते निमूटपणे ऐकावेत, एवढ्याने अभयारण्य टिकत नाही.

बंधाऱ्याने या भागाला प्रथम पाणी दिले व नंतर पक्षी दिले. पहिल्या देणगीचा उपयोग शेतकऱ्याने मेहनतीने करून घेतला. दुसरीचाही तो करून घेईल, मात्र त्यासाठी पाहुण्याने शिवाराचा मान राखला पाहिजे आणि गावाने पाण्याचा.