धावा आहेत, निकाल नाहीत : रणजी हंगामाच्या उंबरठ्यावर छत्तीसगडची फलंदाजी

रायपूर, ऑक्टोबर २०२५ : रणजी करंडक क्रिकेट स्पर्धेच्या २०२५-२६ च्या हंगामाला १५ ऑक्टोबरपासून प्रारंभ होत आहे. एलिट ‘ड’ गटात छत्तीसगडसमोर मुंबई, दिल्ली, राजस्थान, हैदराबाद, हिमाचल प्रदेश, जम्मू-काश्मीर आणि पुदुच्चेरी असे सात प्रतिस्पर्धी आहेत. पहिला सामना राजस्थानशी आणि त्यानंतर लगेच दुसरा मुंबईशी. कोणत्याही संघाची फलंदाजी पहिल्या दोन सामन्यांतच कसाला लागावी, असा हा कार्यक्रम आहे.

फेब्रुवारी २०१६ मध्ये भारतीय क्रिकेट नियामक मंडळाचे पूर्ण सदस्यत्व मिळाल्यानंतर छत्तीसगडने २०१६-१७ मध्ये रणजी पदार्पण केले. मोहम्मद कैफच्या नेतृत्वाखाली पहिल्याच सामन्यात त्रिपुरावर ९ गडी राखून विजय मिळाला. त्या सुरुवातीने उंचावलेल्या अपेक्षा मात्र अद्याप पूर्ण झालेल्या नाहीत. आतापर्यंतच्या आठ हंगामांत या संघाला एकदाही उपांत्यपूर्व फेरी गाठता आलेली नाही.

याचे कारण फलंदाजांच्या अपयशात शोधल्यास हाती फारसे काही लागत नाही. अलीकडच्या तीन सामन्यांचे आकडे वेगळीच गोष्ट सांगतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये रायपूरला झालेल्या लढतीत पृथ्वी शॉने पहिल्याच दिवशी उपाहारापूर्वी शतक ठोकूनही मुंबईचा डाव ३५१ धावांत आटोपला. त्याला अमनदीप खरेच्या १४३ धावांच्या बळावर छत्तीसगडने ३५० धावांचे उत्तर दिले. सामना अनिर्णित राहिला आणि एका धावेच्या आघाडीमुळे मुंबईला ३, तर छत्तीसगडला अवघा १ गुण मिळाला. त्या हंगामात मुंबईने पुढे ४२ वे विजेतेपद पटकावले.

ऑक्टोबर २०२४ मध्ये राजकोट येथे छत्तीसगडने सौराष्ट्राविरुद्ध ७ बाद ५७८ धावांवर डाव घोषित केला. त्यात खरेचे द्विशतक होते. परंतु चेतेश्वर पुजाराने २३४ धावांची खेळी उभारून सामना वाचवला. पुढच्याच आठवड्यात कोइम्बतूर येथे सलामीवीर आयुष पांडेच्या शतकामुळे संघाने ५०० धावा केल्या आणि तमिळनाडूवर फॉलोऑन लादला. तोही सामना अनिर्णितच राहिला. मुंबई, सौराष्ट्र आणि तमिळनाडू अशा मातब्बर संघांसमोर डोंगराएवढ्या धावा रचूनही तिन्ही वेळा निर्णायक विजयाचे ६ गुण हातून निसटले.

रणजीच्या गुणपद्धतीत हा फरक फार महागात पडतो. निर्णायक विजयाला ६ गुण आहेत. डावाने अथवा दहा गडी राखून जिंकल्यास आणखी १ गुण मिळतो. अनिर्णित सामन्यात पहिल्या डावातील आघाडीला ३ गुण, तर पिछाडीला १ गुण असतो. म्हणजे डावाने मिळवलेल्या एका विजयाची बरोबरी करायला आघाडीचे दोन अनिर्णित सामनेही पुरे पडत नाहीत. आठ संघांच्या गटातून दोघांनाच पुढे वाट मिळत असताना केवळ न हरण्याच्या बेताने खेळणाऱ्या संघाचे गणित जुळणे कठीण असते.

म्हणूनच या हंगामात छत्तीसगडच्या फलंदाजांचे मूल्यमापन करताना धावांच्या बरोबरीने त्या किती वेळात झाल्या, हेही पाहावे लागेल. कर्णधार खरे हा या फलंदाजीचा कणा आहे. मोठ्या संघांविरुद्ध मोठी खेळी करण्याची त्याची क्षमता सिद्ध झालेली आहे. तथापि, दीर्घकाळ खेळपट्टीवर उभे राहणाऱ्या फलंदाजाच्या दुसऱ्या बाजूने वेगाने धावा जमवणारा जोडीदार नसेल, तर डाव घोषित करण्याची वेळ लांबते आणि प्रतिस्पर्ध्याचे वीस गडी बाद करण्यासाठी लागणारी षटके कमी होतात.

ही उणीव भरून काढू शकणारे नाव म्हणजे शशांक सिंग. भिलाईत जन्मलेल्या या फलंदाजाने गेल्या जूनमध्ये आयपीएलच्या अंतिम सामन्यात पंजाब किंग्जकडून ३० चेंडूंत नाबाद ६१ धावा फटकावल्या होत्या. पंजाबने तो सामना ६ धावांनी गमावला. नोव्हेंबर २०२३ मध्ये विजय हजारे करंडकात मणिपूरविरुद्ध त्याने १५२ धावा करून ५ गडीही बाद केले होते. मधल्या फळीत त्याने दीड सत्र तळ ठोकला, तरी सामन्याचा रंग पालटू शकतो. त्याचे आयपीएलमधील यश मात्र मर्यादित षटकांचे आहे. लाल चेंडूवर, फलंदाजाभोवती क्षेत्ररक्षकांचे कडे असताना हीच आक्रमकता कितपत टिकते, हा प्रश्न उरतोच.

सलामीला आयुष पांडेकडून सातत्याची, तर अनुज तिवारी आणि संजीत देसाई यांच्याकडून मधल्या फळीला स्थैर्य देण्याची अपेक्षा राहील. डावखुरा अष्टपैलू अजय मंडल तळाशी धावांची भर घालू शकतो आणि त्याची फिरकी संघाच्या गोलंदाजीचाही आधार आहे. अनुभवी हरप्रीतसिंग भाटिया गतवर्षी मध्य प्रदेशकडे परतल्याने पडलेली पोकळी अजून पुरती भरलेली नाही. कठीण खेळपट्टीवर पडझड थोपवणारा तसा दुसरा फलंदाज संघाला घडवावा लागेल.

शेजारच्या विदर्भाचे उदाहरण येथे बोधप्रद ठरावे. गेल्या हंगामात विजेतेपद मिळवताना विदर्भाने साखळीतील ७ पैकी ६ सामने जिंकून ४० गुण कमावले. यश राठोडने हंगामात ९६० धावा केल्या, करुण नायरनेही ८०० चा टप्पा ओलांडला. पण त्या धावांना अर्थ प्राप्त झाला तो हर्ष दुबेच्या विक्रमी ६९ बळींमुळे. फलंदाजांनी वेळ मिळवून दिला आणि गोलंदाजांनी त्याचे सोने केले. नागपूरहून रायपूर रेल्वेने काही तासांच्या अंतरावर आहे, पण गुणतक्त्यातील अंतर कापण्यासाठी हाच धडा गिरवावा लागेल.

येत्या ३ डिसेंबरला नवा रायपूरच्या शहीद वीर नारायण सिंह स्टेडियमवर भारत आणि दक्षिण आफ्रिका यांच्यात एकदिवसीय सामना होणार आहे. आंतरराष्ट्रीय नकाशावर हे मैदान केव्हाच पोहोचले आहे. त्याच शहराचा रणजी संघ मात्र बाद फेरीच्या दारात अजून उभा राहिलेला नाही. राजस्थान आणि मुंबईविरुद्धच्या सामन्यांत छत्तीसगडचा डाव किती धावांवर संपतो, यापेक्षा खरे आपला डाव कोणत्या दिवशी आणि कोणत्या सत्रात घोषित करतो, यावरून या हंगामाची दिशा कळेल.