कुलूप डायलला, वाट खटक्यातून

डायलच्या भोकात छोटं कुलूप अडकवलं की फोन बंद झाला, असं मालकाला वाटे. पण रिसीव्हर ठेवायचा खटका भराभर पाच वेळा दाबला की पाच लागतो, दहा वेळा दाबला की शून्य, हे लँडलाइनच्या काळात पुष्कळांना ठाऊक होतं. चकती परत फिरताना तारेतला प्रवाह आकड्याइतक्या वेळा तुटतो. एक्सचेंज तेवढंच मोजतं; प्रवाह चकतीने तोडला की बोटाने, हे त्याला कळत नाही.

अमेरिकेत हीच गोष्ट फार पुढे गेली. तिथे लांबच्या कॉलची लाइन मोकळी आहे, हे 2600 हर्ट्झच्या सुरावरून यंत्राला समजे आणि तो सूर बोलण्याच्याच तारेतून जाई. जो एन्ग्रेसिया हा जन्मांध मुलगा सातव्या वर्षी फोनवर शीळ घालत होता, तर चालू कॉल तुटला; शिळेचा सूर नेमका तोच होता. त्याने पुन्हा शीळ घालून पाहिली. पुढे खाऊच्या खोक्यातल्या शिट्टीतूनही तोच सूर निघतो, हे इतरांना सापडलं. मग असे सूर काढणाऱ्या पेट्या, म्हणजे ‘ब्लू बॉक्स’, घरच्या घरी बनू लागल्या. सहा सुरांपैकी दोन-दोन एकत्र वाजवले की एकेक आकडा तयार होई आणि लांबचा कॉल फुकट लागे.

ऑक्टोबर 1971 च्या ‘एस्क्वायर’मधला लेख वाचून स्टीव्ह वॉझ्नियाक आणि स्टीव्ह जॉब्ज यांनीही अशा पेट्या बनवून विकल्या. सगळे याच दोघांची गोष्ट सांगतात. खरा मान मात्र कान देऊन ऐकणाऱ्या जोचा आहे.

फुकट कॉल ही चोरीच होती. कुलपाच्या फोनचं बिलही मालकालाच भरावं लागे. तरी केवळ धरपकडीने हा प्रकार संपला नाही. 1976 पासून अमेरिकेत यंत्रांचे इशारे बोलण्याच्या तारेतून काढून वेगळ्या वाटेने नेणं सुरू झालं, तेव्हा शिट्टी हळूहळू निकामी झाली. दोष रचनेतच होता, आणि तो पोरांनी दाखवून दिला.

ही रचना मुलांना डोळ्यांनी पाहता यावी म्हणून गावोगावच्या शाळांनी माळ्यावर पडलेले चकतीचे फोन भंगारात घालू नयेत. एक फोन विज्ञानाच्या तासाला उघडावा. डायलच्या तारांना बॅटरी, रेझिस्टर आणि एलईडी जोडावा. सात फिरवला की दिवा सात वेळा विझतो, नऊ फिरवला की नऊ वेळा. त्याचं विझणं मोजून झालं की मुलांना विचारावं: कुलूप नेमकं कुठे लावायला हवं होतं?