मोठ्या चाकांचा हट्ट

मंडळी, शार्लटला लेकीकडे आलो की नातवाबरोबर नॅसकारच्या शर्यती बघतो. परवा आमचे जोरदार वाजले.

२०२२ साली नवी गाडी आली. १५ इंची चाके जाऊन १८ इंची आली, आणि आत जागा झाली म्हणून ब्रेकच्या तबकड्याही मोठ्या. नातू म्हणतो, "आजोबा, ही प्रगती!" कसली डोंबलाची?

मार्टिन्सव्हिलचा अंडाकृती ट्रॅक जेमतेम अर्ध्या मैलाचा. पुढच्याला गाठायचे ते वळणाआधी, ब्रेक दाबताना. पूर्वी ब्रेक तापून दमायचे. ज्याने ते जपले तो शेवटच्या फेऱ्यांत उतावळ्यांना गाठायचा. आता सगळेच उशिरा दाबतात, तेही जवळपास एकाच जागी. मग मागच्याने शिरायचे कुठून? आमची प्रार्थनेच्या रांगेतली पोरे बरी, निदान ढकलाढकली तरी करायची!

२०२६ साठी छोट्या ट्रॅकवर ६७० ची ७५० अश्वशक्ती केली. ठीक आहे, पण त्याने निम्मेच दुखणे जाते. (गिअरचाही दोष आहेच, तो पुन्हा कधीतरी.) मोठ्या ट्रॅकवर ठेवा की मोठे ब्रेक! इथे लहान चाके, लहान ब्रेक लावा.

नातू म्हणाला, "पण १५ इंची चाकात आताची तबकडी मावणारच नाही."

अरे बाळा, तेच तर हवे आहे मला!