विधवेने नवऱ्याचा ओटीपी आणायचा कुठून?

मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेचा जून 2024 चा शासन निर्णय उघडून पाहा. पात्र स्त्रियांमध्ये विवाहितेबरोबर विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता आणि निराधार स्त्रियांचाही स्पष्ट उल्लेख आहे. ज्यांचा नवरा वारला, ज्यांना नवऱ्याने टाकले, ज्यांना कोणीच नाही, त्या सरकारला पहिल्या दिवसापासून ठाऊक होत्या. सप्टेंबर 2025 मध्ये त्याच सरकारने ई-केवायसी सक्तीची केली आणि संकेतस्थळाने बाईच्या आधारनंतर तिच्या पतीचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक मागितला, त्यावर येणारा ओटीपी मागितला. विधवेचा बापही गेला असेल, तर तिने हा ओटीपी आणायचा कुठून? टाकलेल्या बाईने दरमहा 1500 रुपयांसाठी पुन्हा त्याच नवऱ्याच्या दारात उभे राहायचे? ज्या पुरुषाच्या जाचातून ती सुटली, त्याच्याच हाती तिच्या पैशाची किल्ली देणारा हा अर्ज मंजूर करताना मंत्रालयात एकाचाही हात थबकला नाही, याची आम्हाला चीड येते.

ओरड झाली तेव्हा ई-केवायसीची मुदत 18 नोव्हेंबरवरून 31 डिसेंबरवर गेली. पतीच्या किंवा वडिलांच्या मृत्यूचा दाखला, घटस्फोटाचे कागद किंवा न्यायालयाचा आदेश अंगणवाडी सेविकेकडे द्या, अशी वाट काढली गेली. पण कोर्टाची पायरी कधीच न चढलेल्या परित्यक्तेने कोणता कागद द्यायचा? नवरा एक दिवस निघून गेला, याचा दाखला कोणत्या कचेरीत मिळतो?

याच अर्जात दुसरा सापळा होता. कुटुंबातील कोणी कायम सरकारी नोकरीत ‘नाही’ असे विधान, आणि त्यापुढे ‘होय’ किंवा ‘नाही’ निवडायचे! घरात सरकारी नोकर नसलेली बाई सरळ मनाने ‘नाही’ म्हणणार आणि यंत्र तिला सरकारी नोकराच्या घरातली ठरवणार. झालेही तेच. मग घरोघर जाऊन खरेखोटे करण्याचे ओझे पुन्हा त्याच अंगणवाडी सेविकांच्या डोक्यावर.

हे दोन्ही दोष उघडे पाडायला समिती नको, सल्लागार नको, कोट्यवधींची निविदा तर नकोच. एक दुपार पुरे. अर्ज बनवणाऱ्याने धडगावच्या एखाद्या पाड्यावर पाच-सहा बायकांशेजारी बसावे, कच्चा अर्ज त्यांच्या हाती द्यावा आणि स्वतः तोंड मिटून पाहावे. बोट कुठे थांबते, प्रश्न कोणाला वाचून दाखवावा लागतो, ओटीपी कोणाच्या फोनवर जातो, तो फोन या घडीला सुरतच्या कारखान्यात आहे की उसाच्या फडात, रेंज कुठल्या टेकडीवर मिळते. जे दिसेल ते लिहावे, अर्ज बदलावा, पुन्हा जावे. जगभर डिझाइनचे विद्यार्थी पहिल्या वर्षी हेच शिकतात. पवईच्या आयआयटीत 1969 मध्ये इंडस्ट्रियल डिझाइन सेंटर सुरू झाले. ज्या शहरातून राज्य चालते त्याच शहरात ही विद्या अर्धशतकाहून अधिक काळ शिकवली जाते, आणि सरकारी अर्ज मात्र ज्याने कधी रांग पाहिली नाही त्याच्या टेबलावर जन्मतो!

सरकार म्हणेल, बोगस लाभार्थी होते. होते, 14 हजारांहून अधिक पुरुषांनी या योजनेचे पैसे उचलल्याचे उघड झाले. तो पैसा जनतेचा आहे आणि पडताळणी झालीच पाहिजे. पण चोर पुरुष निघाले आणि झडती विधवेची झाली, हा कुठला न्याय? चुकीचा अर्ज चोराला अडवत नाही, चोराला वाटा माहीत असतात. तो अडवतो जिच्याकडे स्वतःचा फोन नाही तिला. चाळणी कोणासाठी लावायची हे ज्याने पाहिले नाही, त्याला चाळणी लावण्याचा अधिकार नाही.

2015 चा लोकसेवा हक्क कायदा आपल्याकडे आहे. दाखला वेळेत मिळाला नाही तर अपील आहे, जबाबदार अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड आहे. कायदा चांगला आहे, पण तो दिवस मोजतो. ज्या बाईला अर्ज पुराच करता आला नाही, तिचा पहिला दिवस कधी उजाडतच नाही. तिच्या नावाने विलंब नाही, अपील नाही, दंड नाही. सरकारच्या नोंदीत ती फक्त ‘ई-केवायसी अपूर्ण’. जोतीराव फुले यांनी 1883 मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला तेव्हा निरक्षर कुणबी कचेरीतल्या कारकुनाच्या लेखणीखाली नागवला जात होता. आज लेखणीच्या जागी पडदा आला आहे, आणि ज्याला तो वाचता येत नाही त्याला अर्ज भरून घेण्यासाठी पैसे मोजावे लागत आहेत.

ब्रिटनने 2011 साली गव्हर्नमेंट डिजिटल सर्व्हिस उभी केली. तिथे वापरणाऱ्यांचा अभ्यास कुठे केला, काय आढळले, काय बदलले, हे सरकारी सेवेच्या परीक्षणात दाखवावे लागते. आमची मागणी याहून मोठी नाही. लोकसेवा हक्क कायद्यात दुरुस्ती करा. कोणताही नवा अर्ज, ॲप किंवा ई-केवायसी सक्तीची करण्याआधी तिची चाचणी किमान एका आदिवासी पाड्यावर, एका झोपडपट्टीत आणि एकट्या राहणाऱ्या स्त्रियांसोबत झालीच पाहिजे. चाचणीत कोण कुठे अडले याचा अहवाल मराठीत, नावे वगळून, जनतेपुढे ठेवा. अहवाल नसेल तर सक्ती नाही आणि त्या कारणाने एकाही लाभार्थीचा हप्ता थांबणार नाही, हे कलमात लिहा. आणि ई-केवायसीत अडकलेल्या प्रत्येक विधवेचा, प्रत्येक परित्यक्तेचा थकलेला हप्ता, तिला पुन्हा कोणतीही खिडकी न दाखवता, तिच्या खात्यात जमा करा.