वय झालंय म्हणूनच शस्त्रक्रिया हवी

न्हाणीघरात पाय घसरतो किंवा रात्री लघवीला उठताना तोल जातो आणि घरातली वयस्कर व्यक्ती पडते. उभे राहता येत नाही, जांघेत असह्य कळ येते. दुखरा पाय आखूड दिसतो आणि पाऊल बाहेरच्या बाजूला वळलेले असते. ही खुब्याचे हाड मोडल्याची लक्षणे. डॉक्टर शस्त्रक्रिया सांगतात आणि नातेवाइकांकडून हमखास प्रश्न येतो, 'ऐंशी वर्षांचं वय, आता कशाला कापाकापी? पडून राहू दे, हाड आपोआप जुळेल.' या बोलण्यामागे माया असते, पण हिशेब चुकलेला असतो.

खुब्याच्या सांध्यात कमरेच्या हाडाची वाटी असते आणि तिच्यात मांडीच्या हाडाचा गोल चेंडू फिरतो. चेंडूखालच्या निमुळत्या भागाला हाडाची मान म्हणतात. चेंडूचा बहुतेक रक्तपुरवठा या मानेवरून होतो. मान मोडून हाड सरकले की तो तुटतो आणि म्हाताऱ्या हाडात ते जुळण्याची आशा कमी असते. म्हणून चेंडू काढून धातूचा बसवतात. मानेच्या खाली मोडलेले हाड जुळते, पण त्यासाठी पायाला वजन लावून दोन-तीन महिने पडून राहावे लागते. रॉड टाकला तर हे टळते.

उतारवयात शरीराला झेपत नाही ते हे पडून राहणे. काही दिवसांतच छातीत कफ साठून न्यूमोनिया होतो, कमरेला आणि टाचांना जखमा होतात, लघवीत जंतुसंसर्ग होतो. पायाच्या शिरेतली रक्ताची गुठळी फुप्फुसात जाऊ शकते. हाडापेक्षा अंथरूणच जिवावर उठते. शस्त्रक्रियेनंतर मात्र बहुतेक रुग्णांना एक-दोन दिवसांत बसवता येते, वॉकर धरून उभे करता येते.

शस्त्रक्रियेत धोका नाही असे मी म्हणणार नाही. ती होऊनही साधारण पाचांतला एक रुग्ण वर्षभरात दगावतो, असे अनेक देशांतले आकडे आहेत. पण पडून राहण्यातला धोका सहसा त्याहून मोठा असतो. मधुमेह, रक्तदाब असला म्हणून शस्त्रक्रिया अशक्य होत नाही. कंबरेखालचा भाग बधिर करूनही ती करता येते. अगदी अखेरच्या अवस्थेतल्या रुग्णाचा विचार वेगळा, पण तो डॉक्टरांशी बोलून करावा.

शक्यतो 36 ते 48 तासांत शस्त्रक्रिया व्हावी. घरी तेल चोळण्यात, हाडवैद्याकडे नेण्यात किंवा परगावच्या मुलाची वाट पाहण्यात हेच तास जातात. तसे ते रुग्णालयातही जातात. फिटनेसचा कागद एका विभागातून दुसऱ्या विभागात फिरतो, इको राहतो, रॉड मागवायचा असतो. हा कागद माझ्यासारख्या फिजिशियनकडे येतो, म्हणून आग्रहाने सांगतो : हृदयविकाराच्या रुग्णासाठी जशी धावपळ होते, तशीच या रुग्णासाठी व्हायला हवी. सरकारी रुग्णालयांत फिजिशियन, भूलतज्ज्ञ आणि अस्थिरोगतज्ज्ञ यांनी अशा रुग्णाला दाखल झाल्याच दिवशी तपासावे, असा नियमच असावा. खर्चाची अडचण असेल तर नातेवाइकांनी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला लगेच भेटावे.

आणि जे अजून पडलेले नाहीत त्यांच्यासाठी : रात्री संडासाच्या वाटेवर दिवा ठेवा, न्हाणीघरात धरायला दांडी बसवा, सैल चपला टाकून द्या. पन्नाशीनंतर किरकोळ पडण्याने मनगट मोडले असेल, तर प्लास्टर निघाले म्हणजे विषय संपला असे समजू नका. हाडे ठिसूळ झाल्याची ती सूचना असू शकते. तपासणी करून तेव्हाच औषध सुरू केले, तर पुढे खुबा मोडण्याची शक्यता कमी होते.