पहिल्या नंबराचा बाजार

"तुमचा धंदा गुगलवर पहिल्या नंबरवर आणून देतो" असं फोनवर सांगणाऱ्याला दुसरं वाक्य बोलू देऊ नये, अशा मताला मी आता आलो आहे. मंडळी, हे जरा कडक वाटेल. पण माझं आयुष्य शाळेत पोरांचे नंबर काढण्यात गेलं. पेपर व्हायच्या आधीच पहिला नंबर कबूल करणारा माणूस एकतर पेपर फोडणार असतो, नाहीतर पैसे घेऊन पळणार असतो. तिसरी शक्यता मला तरी आजवर दिसलेली नाही.

विषय कुठून निघाला ते सांगतो. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानं इथे अंजनगाव सुर्जीत कुत्र्या-मांजरांची निगा राखायचा फिरता धंदा सुरू केला. एक छोटी गाडी, तिच्यात पाण्याची टाकी, केस वाळवायचं मशीन, कात्र्या आणि कंगवे. फोन केला की दारात हजर. आंघोळ घालतो, केसांचा गुंता सोडवतो, नखं कापतो, गोचीड काढतो. "काहून रे बावा, अंजनगावात कुत्र्याच्या आंघोळीला कोण पैसे देते?" म्हणून लोक हसले. हसू द्या! पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे हळद-तुपानं शेकणारा आपला वऱ्हाड. बैल धुणं, शिंगं साळणं, रंगवणं हे आपल्याला कुणी इंग्रजी नाव देऊन शिकवलेलं नाही. बाजाराच्या दिवशी बैलाला नाल ठोकणारा येई, तोही फिरता कारागीरच. तेव्हा धंदा जुनाच आहे, जनावर फक्त बदललं.

बदललं ते आणखी एक. नालबंदाचा पत्ता बाजारात कुणालाही विचारता येई. आता नवीन वस्तीतली सूनबाई शेजारणीला विचारण्याआधी मोबाइलला विचारते. आणि इथेच तो "पहिला नंबर"वाला शिरतो.

या पोरालाही एक असाच भेटला (कोण, कुठला, ते सोडा). दरमहा पैसे घेऊन त्यानं काय केलं? धंद्याच्या नावापुढे "बेस्ट", "नंबर वन" आणि चार गावांची नावं चिकटवली. दुकान नसताना भर बाजारात दुकानाची खूण लावली. आणि कधी अंजनगाव न पाहिलेल्या लोकांचे पाच-पाच ताऱ्यांचे अभिप्राय आणून ओतले. लोक कुत्रं घेऊन बाजारात जात आणि तिथे दुकान न दिसल्यानं शिव्या देत परत येत. खोटेपणाचं फळ असं रोकडं मिळतं.

आता खरी गोष्ट ऐका. धंद्याची ही नोंद गुगलवर फुकट होते. पैसे देऊन जाहिरात करता येते, पण ती जाहिरात म्हणूनच दिसते. एरवीच्या स्थानिक यादीत पैसे देऊन वर जाता येत नाही, आणि पहिल्या नंबराची हमी कुणीच देऊ शकत नाही, हे गुगल स्वतःच सांगतं. क्रम ठरतो तो मुख्यतः तीन गोष्टींवर : विचारलेल्या गोष्टीशी तुमचा धंदा किती जुळतो, विचारणाऱ्यापासून तो किती जवळ आहे आणि तो किती नावाजलेला आहे. यातली जवळीक अंजनगावच्या माणसाला जन्मतःच मिळालेली आहे. अमरावतीचं मोठं दुकान इथल्या गिऱ्हाइकापासून लांब ते लांबच. मग जे आपल्याच अंगणात आहे ते विकत कशाला घ्यायचं?

फिरत्या धंद्याला तर स्वतंत्र सोयच आहे. घरचा पत्ता झाकून ठेवायचा आणि आपण कोणकोणत्या गावांना जातो ते लिहायचं. अशी वीसपर्यंत ठिकाणं देता येतात आणि पल्ला साधारण दोन तासांच्या गाडीरस्त्याच्या आत असावा असा संकेत आहे. म्हणजे अंजनगाव, दर्यापूर, अचलपूर, परतवाडा, अकोट. बास झालं की! नागपूर लिहून काय मिळणार? नाव पाटीवर आहे तेच लिहायचं, त्याला शेपट्या लावायच्या नाहीत. नियम मोडला तर नोंद स्थगित होऊ शकते. तेव्हा तो "नंबर"वाला फोन उचलत नाही, बुडतो तो गाडीवाला.

आणि आपल्या गावाच्या नावाची तर वेगळीच कथा. ३० डिसेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंद्यांनी इंग्रजांशी तह केला तो इथेच. इतिहासाच्या पुस्तकात तो "सुर्जी-अंजनगावचा तह" म्हणून आहे आणि आपण म्हणतो अंजनगाव सुर्जी. त्यात बडनेऱ्याकडे अंजनगाव बारी आहेच. रोमन लिपीत तर कुणी शेवटी "व्ही" लावतो, कुणी "डब्ल्यू". नुसतं "अंजनगाव" लिहिणाऱ्याला गिऱ्हाइकानं शोधायचं कसं? म्हणून माझं सांगणं : पूर्ण नाव लिहा, तालुका-जिल्हा लिहा आणि वर्णन मराठीतही लिहा. गुगलवर मराठीत बोलून शोधायची सोय २०१७ पासून आहे. आमच्या आळीतली आजी "पेट ग्रूमिंग" म्हणणार नाही, "कुत्र्याले आंघोळ घालणारा" म्हणेल. ते शब्द तुमच्या नोंदीत नसतील तर आजीनं तुम्हाला शोधावं तरी कसं? मराठीची लाज वाटणाऱ्यांनी निदान धंद्यासाठी तरी ती सोडावी.

यावर उत्तर ठरलेलं असतं : "सर, सगळेच खोटे अभिप्राय टाकतात." सगळेच कॉपी करतात, हेही मी वर्गात पुष्कळ ऐकलं आहे. भारतीय मानक ब्यूरोनं नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानक काढलं ते उगाच नाही. ते ऐच्छिक आहे हे खरं. पण खरेपणा ऐच्छिकच असतो, तिथेच तर माणसाची परीक्षा होते. आणि इथे प्रश्न जिवंत जनावराचा आहे. खोटे तारे वाचून कुणी आपलं घाबरट कुत्रं अडाण्याच्या कात्रीखाली दिलं आणि त्याची कातडी कापली गेली, तर ती जखम त्या ताऱ्यांनी भरणार आहे का?

आता शेवटचं, आणि हे पुण्या-मुंबईच्या, परदेशातल्या आमच्या भाचे-पुतण्यांसाठी. बाळांनो, "काकांचा विद्यार्थी आहे" म्हणून तिकडून पाच तारे टाकू नका. मदत नाही ती, भेसळ आहे. अभिप्राय लिहायचा तो ज्याच्या दारात गाडी आली त्यानं. आणि गावकऱ्यांनो, तुम्ही मात्र लिहाच! काम चांगलं झालं की पारावर दहा जणांना सांगता, तेच चार ओळींत तिथे लिहायला काय होतं? कुत्रं कोणतं, काय केलं, वेळेवर आला का, किती पैसे घेतले. चुकलं असेल तर तेही लिहा. त्या पोरानंही प्रत्येक गिऱ्हाइकाला "लिहा" म्हणावं, पण त्यासाठी सूट-बक्षीस देऊ नये, तेही नियमात बसत नाही. आणि टीका आली तर भांडू नये, नीट उत्तर द्यावं.

ती बाजारातली खोटी खूण त्यानं आता काढून टाकली आहे. उसने अभिप्रायही काढायला सांगितले आहेत. राहतील ते थोडेच राहतील. राहू द्या. खरे पाच, उसन्या पन्नासांपेक्षा जास्त दिवस टिकतात.

असो. पटलं नसेल तर खाली जरूर भांडा. पण खऱ्या नावानं, बरं का!